नैऋत्य, एकाहत्तर

हेमराज फिरकेच्या गॅरेजात एक पिवळं फडकं होतं. तसं काच पुसायचंच, पण काच त्याने कधी पुसली जात नसे. जुन्या गाडीच्या छताला नवा डिस्प्ले बसवून झाला, की तो पहिल्यांदा चालू करण्याआधी हेमराज त्यावर ते फडकं टाकायचा आणि मालकाला म्हणायचा, जा भाऊ, चहा घेऊन ये. मालक सख्खा मेहुणा असला तरी पहिला आकडा त्याला दाखवायचा नाही, हा जळगाव जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या कंपासवाल्यांचा कायदा होता. सरकारने केलेला नव्हे, अनुभवाने झालेला.

आता हे कंपासवाले कुठून उगवले, असं कुणी विचारील. तीन वर्षांपूर्वी सूर्यावर मोठं वादळ झालं, निम्मे उपग्रह निकामी झाले आणि मोबाइलमधल्या नकाशाला चळ लागला. आमच्याकडचं एक अख्खं वऱ्हाड त्याने नवरीच्या गावाऐवजी धरणाच्या भिंतीवर नेऊन उभं केलं. तेव्हा लोक पोट धरून हसले. पुढे रुग्णवाहिका चुकायला लागल्या तेव्हा हसू मावळलं. मग नियम निघाला. प्रत्येक गाडीत चालकाच्या डोक्यावर, आरशाच्या वरच्या बाजूला, दिशा आणि तापमान दाखवणारा डिस्प्ले हवाच, नाहीतर पासिंग मिळणार नाही. नव्या गाड्यांत तो कारखान्यातूनच येतो. जुन्यांना तो हेमराजसारखे, गाड्यांच्या वायरिंगवर हयात घालवलेले लोक बसवून देतात.

या डिस्प्लेच्या पोटात राईएवढा हिरा असतो. दागिन्यातला नव्हे, कारखान्यात पिकवलेला, आणि त्यात मुद्दाम खोट ठेवलेली असते: कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याच्या शेजारी एक रिकामी जागा. त्या खोटीवर हिरवा प्रकाश टाकला की ती लाल चमकते. आसपासचं चुंबकत्व जसं बदलेल तशी ती चमक बदलते, आणि ऊन-थंडीनेही बदलते. म्हणजे एकच कण होकायंत्रही आणि तापमापकही. गाडीबाहेरच्या हवेसाठी आणखी एक छोटा सेन्सर पुढच्या जाळीमागे बसवतात. मग गाडी मोकळ्या मैदानात न्यायची आणि सावकाश तीन वेढे घ्यायचे, म्हणजे यंत्राला पृथ्वीची उत्तर सापडते. आपल्या लोकांनी त्या वेढ्यांची प्रदक्षिणा करून टाकली. चाकाखाली लिंबू ठेवायचं, वेढे उजवीकडूनच घ्यायचे. यंत्राला डावं-उजवं सारखंच, पण माणसाला नसतं.

गोची अशी, की हा हिरा फार हुशार निघाला. पृथ्वीच्या आधी त्याला डोक्यावरचा पत्राच दिसतो. पोलादाचा पत्रा उन्हात तापला आणि एकाच दिशेला तोंड करून निवला, की त्या दिशेचं चुंबकत्व त्यात मुरून बसतं. पुढे पत्रा पुन्हा तितका तापला तरच जुनी नोंद पुसली जाते. कमी तापला तर ती हलत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर पोलाद थंड दिवस विसरतं आणि सगळ्यात तापलेला दिवस जपून ठेवतं. म्हणून डिस्प्ले पहिल्यांदा चालू केला की तो आजची दिशा आणि आजचं तापमान दाखवत नाही, त्या दिवसाचं दाखवतो. कंपासवाले म्हणतात, गाडीची आठवण निघाली. मग विजेची एक कॉइल छतावरून फिरवून ती पुसायची आणि त्यानंतर प्रदक्षिणा घालायची.

पारोळ्याच्या एका व्यापाऱ्याने एका उन्हाळ्यात गाडी दुकानाच्या शेडमध्येच होती असं घरी सांगितलं होतं. पत्रा म्हणाला, भर दुपारी, उघड्यावर, पूर्वेला तोंड करून. कुठल्या घरासमोर गाडी लावली की तिचं तोंड पूर्वेला येतं, ते त्याच्या बायकोला बरोबर ठाऊक होतं. तेव्हापासून फडकं आलं.

जानेवारीतल्या त्या सकाळी कुमुदकाकू आपली गाडी घेऊन आल्या. स्वतः चालवत आल्या. सहासष्टाव्या वर्षी बाईने लायसन काढलं होतं. गाडी होती तिच्या नवऱ्याची, नारखेडे मास्तरांची. मास्तर गेल्यापासून सहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. मास्तर म्हणजे हेमराजचे शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. वर्ग गोंगाट करायला लागला की डस्टरने टेबलावर तीनदा ठोकायचे, थांबायचे, पुन्हा तीनदा ठोकायचे. कागदाखाली लोहचुंबक धरून लोखंडाच्या किसाची रांगोळी पहिल्यांदा हेमराजने त्यांच्याकडेच पाहिली. दहावीला दोनदा आपटलेल्या पोराला आयटीआयची वाट दाखवली त्यांनी, हे गॅरेज टाकायला जागाही मिळवून दिली त्यांनी. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. हेमराजची आई लहानपणीच गेली, बायको चार वर्षांत नांदणं टाकून निघून गेली. दर रविवारी त्याचं पान काकूंच्या घरी ठरलेलं होतं. वरण-बट्टी खाऊन तो त्यांच्या ओट्यावर आडवा व्हायचा आणि काकू त्याला आळशी म्हणायच्या. जगात त्याला आळशी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्याने काकूंना चहाला जायला सांगितलं. काकू म्हणाल्या, मी चहा सोडलाय, आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून, पिशवीतलं लिंबू मांडीवर धरून दारातच बसल्या. फडक्याचं त्यांना ठाऊक होतं. पाठ करून बसते म्हणाल्या, आणि खरंच पाठ करून बसल्या.

छतातलं अस्तर सोडवून हेमराजने डिस्प्ले बसवला. वायर कडेच्या खांबातून खाली घेतली. मग बाहेरचा सेन्सर लावायला बॉनेटपुढे गुडघ्यावर बसून त्याने जाळीमागे हात घातला, आणि बोटांना एक बटण लागलं.

ते बटण त्याचंच होतं. सात वर्षांपूर्वी कॉलनीतून एक गाडी चोरीला गेली तेव्हा मास्तर म्हणाले होते, काहीतरी बंदोबस्त कर. हेमराजने चोर-स्विच बनवला. बाजारातल्या चोर-स्विचात मालकाला आठवणीने बटण दाबावं लागतं, आणि मास्तर तर चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधणारे. म्हणून याने डोकं लढवलं. गाडी बंद करून दहा मिनिटं झाली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, आपोआप पडायचा आणि गाडीची सगळी वीज तोडायचा. जोडायचं बटण बाहेर, जाळीमागे, चोराच्या बापाला सापडणार नाही अशा जागी. नुसती चालू होण्याची वायर तोडली असती तरी चोर अडला असता. पण मुख्य वायर तोडणं सोपं होतं, काम झटपट व्हायचं, म्हणून त्याने मुख्य तोडली. लोकांना युक्ती फार आवडली. जिल्ह्यात एकशे बारा गाड्यांत त्याने ती बसवली.

या बॅटरीवरच्या गाड्यांची दारंही विजेवर उघडतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. हातानं उघडायची एक दोरी दाराच्या कप्प्याखाली असते, कंपनीच्या पुस्तकात ते लिहिलेलंही असतं. पुस्तक कोण वाचतो? मालक गाडी बंद करून आतच बसून राहील, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही. गाडीत बसलेला माणूस म्हणजे गाडी चालवणारा माणूस, असा वायरिंगवाल्याचा हिशेब.

मास्तर गेले ते गाडीत. मे महिना होता, साखरपुडा होता काकूंच्या भावाच्या घरचा. मास्तरांचं आणि त्या मेहुण्याचं जुनं वाकडं. मंगल कार्यालयामागच्या उघड्या रानात गाडी लावून ते म्हणाले, मी येत नाही आत. काकू म्हणाल्या, मग बसा गाडीतच. एकच फोन, तो काकूंच्या पर्समध्ये. साडेतीनला त्या परत आल्या तर दार उघडेना. लोकांनी काच फोडली. मास्तर मागच्या सीटवर उशीला डोकं टेकून पडलेले, चष्मा घडी करून खिशात. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. संध्याकाळी गाडी आणायला हेमराज गेला तेव्हा गाडी मेलेली होती. सवयीने त्याने जाळीमागे हात घातला, बटण दाबलं, गाडी जागी झाली. त्या वेळी काहीतरी आत लकाकून गेलं होतं, नाही असं नाही. पण त्याने मनाशी म्हटलं की मास्तर गेल्यानंतर रिले पडला असणार. तो विचार त्याने तिथेच गाडून टाकला आणि वर सहा वर्षं माती लोटत राहिला.

आता बटण बोटाखाली होतं. सेन्सर कसाबसा लावून, ते बटण दाबून तो आत येऊन बसला, फडकं टाकलं, डिस्प्ले चालू केला आणि फडक्याचं टोक उचलून पाहिलं. गाडीचं तोंड पूर्वेला होतं, बाहेर सत्तावीस अंशांचं कोवळं ऊन होतं. डिस्प्लेवर अक्षरं आली: नैऋत्य, ७१.

मंगल कार्यालयामागे गाडी कुठे तोंड करून उभी होती ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मावळतीचं ऊन समोरच्या काचेतून तिरपं आत येत होतं.

बुडत्याला काडीचा आधार, तसं त्याने ठरवलं की एखादी वायर ढिली असेल. काकूंना म्हणाला, एक चक्कर मारून बघतो. गॅरेजमागे केळीच्या वखारीचं मोकळं मैदान होतं. तिथे त्याने गाडी हळूहळू वळवली. समोर वखार आली, मग हायवे, मग बाभळी, मग पुन्हा वखार. पूर्ण वेढा झाला. डिस्प्ले नैऋत्येवरून तसूभर हलला नाही. गाडी कुठेही वळली तरी तिच्या डोक्यातली गाडी अजून त्याच रानात उभी होती. हेमराजला वाटलं, मागच्या सीटवर पाहू नये. त्याने आरसा वर फिरवून ठेवला आणि तसाच परत आला.

कॉइल हाताशी होती. तीन वेळा छतावरून फिरवली की खेळ खलास. पण ज्याची धास्ती असते तेच माणूस उकरून बघतो. त्याने टॅब जोडला.

टॅबवर पत्र्याच्या आठवणीचे थर उलगडतात. उष्णतेची नोंद पुढची उष्णता पुसते, पण एक नोंद उष्णतेला दाद देत नाही: ठोक्याची. पोलादावर ठोका बसला की त्या जागेचे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाकडे किंचित झुकतात आणि तसेच राहतात. शिवाय ठोका बसला तेव्हा पत्रा किती तापलेला होता, त्याचा शिक्काही त्या खुणेवर उमटतो. गारांचे ठोके असे दिसतात, माकडांचे दिसतात. ते बाहेरून असतात. इथे मागच्या सीटच्या वर, आतल्या बाजूने, खुणांचा एक पुंजका होता. दोनशे पंच्याऐंशी ठोके. पहिला पत्रा चोपन्न अंशांवर असताना, शेवटचा एकोणसत्तरवर. पत्रा तितका तापायला किती वेळ लागतो ते टॅबने आपण होऊन काढून दिलं: एक तास चाळीस मिनिटं. सुरुवातीचे ठोके जोरकस होते. पुढे ते छतावरून कडेच्या खांबावर आले, खाली खाली सरकले, मऊ झाले. ठोके तीन-तीनचे होते. तीन, मग थांबणं, मग तीन.

हेमराजने टॅब सीटवर पालथा टाकला. तो दार उघडून बाहेर आला आणि दाराला धरून उभा राहिला.

काकू अजून पाठ करूनच बसल्या होत्या. झालं का रे, म्हणाल्या. मग त्याच्याकडे न बघता, लिंबू हातात फिरवत त्या बोलायला लागल्या. सहा वर्षांत त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. लोकांना मी सांगते झोपेत गेले म्हणून, त्या म्हणाल्या, आणि लोकही तेच मला सांगतात. पण दार आतून बंद होतं. त्यांनी माझ्यावर कडी लावून घेतली होती. मला राग आला होता, म्हणून मी मुद्दाम पंगत संपेपर्यंत थांबले, पुढचं वाढपही अंगावर घेतलं. आणि त्यांनाही राग होता, म्हणून जीव गेला तरी ते उतरले नाहीत. शंभर पावलांवर सावली होती.

"तुझा तो हिरा सांगतो का रे," काकूंनी विचारलं, "माणूस किती रागात होता ते?"

"नाही" म्हणायचं, एवढंच काम होतं. आणि ते खोटंही नव्हतं. कॉइल फिरवायची, लिंबू चाकाखाली ठेवायचं, रविवारी वरण-बट्टी खायची. मास्तरांचे ठोके ऐकलेलं जगात एकटं पोलाद होतं, आणि ते पुसणं त्याच्या हातात होतं. पण मग ही बाई मरेपर्यंत असंच समजत राहणार, की नवरा रुसून, तिच्या तोंडावर दार लावून मेला. हेमराजला रडू फुटलं. रडत उभं राहणं म्हणजे अर्धं सांगितल्यासारखंच होतं, म्हणून त्याने उरलेलं अर्धंही सांगितलं.

"काकू, ते रुसले नव्हते. त्यांना उतरायचं होतं. दार उघडत नव्हतं."

काकू खुर्चीत वळल्या. चोरापासून राखण एवढंच समजून जे बटण दाबून त्या गाडी चालू करायच्या, त्याचं खरं काम त्याने त्यांना सांगितलं, दहा मिनिटांचं सांगितलं, मुख्य वायर का तोडली तेही सांगितलं. शब्द फिरवले नाहीत. ते पुष्कळ वेळ ठोकत होते, म्हणाला, कार्यालयात बँड चालू असणार, कुणाला ऐकू गेलं नाही. मग काच फोडायला आले तेव्हा ते दमून आडवे झालेले लोकांना दिसले, आणि लोकांना ती झोप वाटली.

 काकू हळूच म्हणाल्या की मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. आंघोळ घालताना त्यांनी पाहिलं होतं. उन्हाने सुजतात, असं कुणी तरी म्हणालं.

"किती वेळ ठोकत होते?"

"एक तास चाळीस मिनिटं."

"मी तेव्हा जिलेबी वाढत होते," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या, मागचं दार उघडून आत बसल्या. हात वर करून त्यांनी छताच्या अस्तरावर तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून त्या रडल्या. हेमराज बाहेर उभा होता. जवळ जायचा त्याला हक्क नव्हता आणि लांब जायचा धीर नव्हता. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. मग त्या डोळे पुसून सरळ बसल्या, शाळेत मुलं चुकली की मास्तर बघायचे तसं त्याच्याकडे बघत.

"पूस ते," त्या म्हणाल्या.

हेमराज म्हणाला, नको. पुसलं तर काही उरणार नाही. पोलिसांत जायचं असेल, कोर्टात जायचं असेल, तर हा पत्रा हाच एक पुरावा आहे. टॅबमधलं कुणी मानत नाही, पत्राच लागतो.

"सहा वर्षं ते तिथे उन्हात उभे आहेत. पूस. पुरावा तू आहेस ना."

त्याने आधी पक्कड घेतली, जाळीमागचं बटण आणि सीटखालचा रिले मुळासकट उपटून काढला, वायर सरळ जोडून घेतली. मग कॉइल छतावरून फिरवली. पहिल्या फेरीला आकडा एकाहत्तरवरून घसरून चोपन्नवर आला, दुसरीला अडतीसवर आला, तिसरीला डिस्प्ले कोरा झाला. दोन मिनिटांनी त्यावर आजचं आलं: पूर्व, २८. काकूंनी फडकं स्वतः बाजूला केलं आणि आकडा पाहिला. प्रदक्षिणा मात्र त्यांनी त्याला घालू दिल्या नाहीत. स्वतःच चाक धरून मैदानात तीन वेढे घेतले, दुसऱ्या वेढ्याला इंडिकेटर चुकून चालू राहिला तो तसाच टिकटिकत राहिला. लिंबू खुर्चीवरच पडून होतं.

जाताना त्यांनी काच खाली केली. या रविवारी येऊ नकोस, म्हणाल्या. पुढच्याचं माहीत नाही. मग त्यांनी विचारलं की असे किती आहेत. हेमराजने सांगितलं, हा धरून एकशे बारा.

"मग माझ्याकडे काय बघतोस," एवढं बोलून त्यांनी गाडी हायवेला लावली.

हेमराज त्याच खुर्चीवर बसला. अकरा वाजले होते, ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं. एकशे अकरा जणांना आपण होऊन फोन करायचा म्हणजे धंदा गेला, अब्रू गेली, कदाचित पुढे जेलही होईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. बोलायचं कसं, सुरुवात कुठून करायची, माफी आधी मागायची की नंतर, हे तो थोडा वेळ मनात जुळवत बसला आणि जुळेना. शेवटी त्याने फोनमधलं पहिलं नाव लावलं. पलीकडून कुणी तरी हॅलो म्हणालं.

"मी हेमराज फिरके बोलतोय, कंपासवाला," तो म्हणाला. "तुमच्या गाडीत आत्ता कुणी बसलेलं आहे का?"